अक्कांच्या ओळखीची घरं

शिरपूर ते धुळे या रस्त्यावर बाईमाणसाला लघवीला जाता येईल असं प्रत्येक घर जिला पाठ होतं, अशी जगात एकच व्यक्ती होऊन गेली, ती म्हणजे आमच्या गल्लीतल्या बांगड्या भरणाऱ्या अक्का. सरकारने रस्ता रुंद केला, पूल बांधले, टोलनाके बसवले, पण एवढी माहिती सरकारकडेही नव्हती. अक्कांनी ती चाळीस वर्षं आठवडी बाजार करून, बांगड्यांची पेटी घेऊन, गावोगावच्या बायकांचे हात दाबत दाबत गोळा केली होती. अक्का माणसांना नावाने ओळखतच नसत, बांगडीच्या मापाने ओळखत. मी शाळेत शिकवते, सगळी गल्ली मला 'बाई' म्हणते, पण अक्कांच्या लेखी मी कायम 'दोन-चारवाली'. आमच्या मुख्याध्यापिकांचा हात त्यांनी एकदा लांबूनच पाहिला आणि भर लग्नात जाहीर केलं, "एक माप वाढनं तुम्हनं." मुख्याध्यापिका त्या दिवसापासून लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवू लागल्या.

मला गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि केमो सुरू झाली. ती घ्यायला दर तीन आठवड्यांनी धुळ्याला जायचं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की यातल्या एका औषधाचा उरलेला अंश लघवीच्या पिशवीत साचतो आणि आतलं अस्तर जाळतो; म्हणून आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायचं, दर दोन तासांनी लघवीला जायचं, तुंबवून अजिबात ठेवायची नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात आम्ही बायका पटाईत. पण प्रवासाला निघताना पाणी प्यायचं नाही, हे मला आईने शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईने. स्टँडवरच्या त्या जागेत पाय ठेवण्यापेक्षा घसा कोरडा राहिलेला बरा, हे आमच्या हाडीमासी मुरलेलं. आदल्या रात्रीपासून मी पाणी बंद केलं, दवाखान्यातल्या संडासाला कडी नव्हती म्हणून तिथेही गेले नाही, आणि येताना सबंध वाट दात आवळून बसले. दुसऱ्या दिवशी लघवीला आग आणि रंग गुलाबी. मी घाबरून रडायला लागले. डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, "असंच झालं तर हे औषध बंद करावं लागेल, आणि तुमच्यासाठी तेच सगळ्यात चांगलं आहे."

हे सगळं मी कुणाला सांगावं? आईला सांगायची सोय नव्हती, नवऱ्याला सांगायची लाज. अक्का सहज आल्या, माझा हात हातात घेतला, हातातली बांगडी आपोआप कोपरापर्यंत सरकली, आणि मी भडाभडा सगळं बोलून गेले. अक्का ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "पोटमा इख शे, जहर शे, ते बाहेर काढनं पडी. लाज कसानी? मी येस तुनासंगे."

मग पुढच्या पाचही वेळा अक्का बरोबर. त्यांच्या पिशवीत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि एक कडी. होय, कडी! पहिल्याच खेपेला त्यांनी दवाखान्यातल्या वॉर्डबॉयला भाऊ-भाऊ म्हणत ती त्या दाराला ठोकून घेतली. सलाईन चालू असताना नर्सला विचारत, "पिशवीनं औषध दिधं का?" कारण लघवीची पिशवी सांभाळायला एक वेगळं इंजेक्शन असतं, हे त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं होतं. परतीच्या वाटेवर सोनगीरच्या थांब्याला बस लागली, की थांब्यासमोरच्या घराकडे मला ढकलत. आतून कुणीतरी म्हणे, "कोन शे?" आणि अक्का बसच्या दारातून ओरडत, "मनी दोन-चारवाली शे, जाऊ दे तिले!" त्या स्वतः एक पाय बसच्या पायरीवर आणि एक पाय जमिनीवर ठेवून उभ्या राहत. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला, की त्याच्या बायकोचं माप विचारत. प्रवासी कुरकुरले, की आतल्या बायकांना बांगड्या दाखवायला लागत. एकदा म्हाताऱ्या बाबांनी "किती वेळ?" म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा अक्कांनी त्यांना विचारलं, "रस्ताना कडेले उभं ऱ्हावाले तुम्हले कोनी अडायं का कधी?" बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

"तुम्हीपण चला ना," मी एकदा म्हणाले.

"मी बी उनू तं गाडी कोन धरी?" अक्का म्हणाल्या. मला पाजायच्या बाटल्यांना त्या स्वतः तोंडही लावत नसत. मला ते तेव्हा दिसत होतं, पण मी माझ्याच दुखण्यात इतकी गुरफटलेली, की विचारलं नाही. ते अजून मनाला लागून आहे.

लघवी पुन्हा कधी गुलाबी झाली नाही. औषध बंद पडलं नाही. मी बरी झाले, मनगट पुन्हा भरलं, आणि अक्कांनी स्वतः मला हिरव्या बांगड्या भरल्या, त्याही दोन-चारच्या. गेल्या थंडीत अक्का गेल्या. झोपेतच गेल्या, त्यांना थांबवायला कुणाला सवडही मिळाली नाही.

परवा तपासणी करून धुळ्याहून येत होते. सोनगीर आलं. मला खरं तर उतरायची गरज नव्हती, पण उतरले. पाठीमागे बस निघून गेली. त्या घरची म्हातारी ओट्यावर बसली होती. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "अक्कानी दोन-चारवाली ना तू? अक्का कोठे शे?"

मी सांगितलं. ती उठून आत गेली. मग पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पहिले अक्का ये तं तांब्याभर पानी पिये, तासभर बसे. तू संगे व्हती तवय एक डाव बी घरमा उनी नई."

मी तांब्यातलं सगळं पाणी प्यायले. पुढची बस तासाभराने होती. मी तिच्याशेजारी ओट्यावर बसून राहिले.