न केलेली सही

मुलगी हॉलंडला गेली ती जुनी आयरिश आणि वेल्श शिकायला. इथे सौदीत, अल-खोबरमधल्या आमच्या बिल्डिंगमधली बाकीची पोरं इंजिनीअर नाही तर डॉक्टर होणारी. लिफ्टमध्ये कुणी विचारलं की मी "लँग्वेजेस" एवढंच पुटपुटून मजला येण्याची वाट बघायचो. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

"डच लोकांचं काय अडलंय त्या आयरिशवाचून?" एकदा फोनवर मी चिडून विचारलं. तिने शांतपणे सांगितलं, की आधी हा विषय तिथे दुसऱ्या भाषांच्या वळचणीला होता. नेमलेलं शिकवून झालं की एखादा प्राध्यापक दोन-चार पोरांना जुनी हस्तलिखितं वाचायला शिकवायचा. त्यांतलेच काही पुढे शिक्षक झाले, आणि मग कधीतरी स्वतंत्र पदवी आली.

"ते येत राहिले, बाबा, दॅट्स ऑल. आपला फ्रायडेचा क्लास आठवतो?"

आठवत होता. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक बाई घरीच मराठी शिकवायच्या. अकरा मुलं होती. कोचिंग सुरू झालं तशी एकेक गळाली, आमची एकटी उरली. तिलाही मीच काढून गणिताच्या शिकवणीला घातलं. बाईंनी तिची वही तेवढी माझ्या हातात दिली.

मागच्या वर्षी विद्यापीठाने खर्चाला कात्री लावायची ठरवली आणि कुऱ्हाड पडली तिच्या विभागावर. तिला पुढचं संशोधनही तिथेच करायचं होतं. विरोधाचं निवेदन निघालं, तिने आम्हा दोघांना लिंक पाठवली. नाव, गाव आणि विषय का टिकावा याच्या दोन ओळी. बायकोने हातातलं काम टाकून सही केली, ओळी मराठीतच लिहिल्या.

"परक्या मुलखात राहणाऱ्याने उगाच कशावर सही करू नये," मी म्हणालो. "उद्या इकाम्याला नडलं तर?"

हॉलंडच्या निवेदनाने सौदीतला राहण्याचा परवाना अडत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला तो विभाग बंद व्हायलाच हवा होता. म्हणजे पोरगी शुद्धीवर येऊन काहीतरी पोटापाण्याचं शिकेल.

विभाग बंद झाला. नवे प्रवेश थांबले, तिला शिकवणाऱ्या मॅडमची नोकरी गेली. माझ्या एका सहीने यातलं काही वाचलं नसतं, मान्य. पण हा हिशोब मी सही न करताना केला नव्हता.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. एरवी निम्मं इंग्रजी बोलणारी पोर त्या दिवशी मराठीतच बोलत होती.

"नाही वाचलं, बाबा." तिने नाक ओढलं. "मॅडमनी सगळ्या सह्या छापून ठेवल्यात. आईचं मराठी मी त्यांना समजावून सांगितलं, खूप आवडलं. तुमचं नाव मात्र मला सापडलं नाही. यादी मोठी आहे."

"असेल कुठेतरी खाली," मी म्हणालो.

"हो ना. परत बघते मी, पहिल्यापासून."

बघेल ती. एकेक ओळ बोट ठेवून वाचायलाच तर गेली आहे.