जातीचा रकाना
टिंचरचा वास आला की मला आमच्या कुडवा गावातल्या कॉम्प्युटर क्लासची मागची खोली आठवते. बारावी झाली त्या उन्हाळ्यात तिथे आमचा प्रोग्रामिंगचा क्लब भरायचा, आणि त्या दुपारी सगळ्यांनी मिळून गावासाठी फुकटात कोणतं काम करायचं ते ठरत होतं. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने रक्तदात्यांची वेबसाइट सुचवली. त्याचा धाकटा भाऊ रक्ताच्या सिकलसेल आजाराने गेला होता, म्हणून सगळ्यांनी लगेच माना हलवल्या. तेवढ्यात आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा म्हणाला, "त्यात जातीचाबी रकाना ठेवू. लोकं विचारतेतच ना बे." मित्राने कीबोर्ड वायरसकट उपटला आणि त्याच्या तोंडावर हाणला. बटणं फरशीभर उडाली, त्याचा दात तुटला. त्यानेही लोखंडी स्टूल उचलून मित्राच्या डोक्यात घातलं. दोघं रक्ताने माखून एकमेकांचे गळे आवळत होते आणि आम्ही ओरडत त्यांना ओढत होतो. क्लासचे सर धावत आले, दोघांना वेगळं केलं आणि जखमांवर टिंचर ओतत ओरडले, "काऊन जीव घेऊन राहिले बे एकमेकाचा?" मित्र धापा टाकत म्हणाला, "माह्या भावाले रक्त द्याले एक माणूस आला होता, सर. त्यानं आधी आडनाव विचारलं अन् वापस गेला." दात तुटलेला मुलगा तोंडावर रुमाल दाबून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून क्लबात आलाच नाही. वेबसाइट आम्ही केली, जातीच्या रकान्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. ती बंद पडून आता बरीच वर्षं झाली, पण अजूनही रक्तासाठी कोणाचा फोन आला की मी फक्त रक्तगट विचारते आणि गाडी काढते.