काउंटरच्या अलीकडे

मामांना बसता येत नसे. गुडघे ठणठणीत होते हो, तसं काही नाही! पण आपण खुर्चीत बसायचं, कुणीतरी पाणी आणून द्यायचं आणि आपण ते नुसतं प्यायचं, हा प्रकार त्यांना काही केल्या जमत नव्हता. लग्नाच्या पंगतीत ते अर्ध्या जेवणातून उठायचे आणि पाण्याचा जग उचलायचे. मुलगी ओरडायची, "बाबा, बसा ना जरा!" मग ते बसायचे, पण लक्ष सगळं कुणाचा पेला रिकामा झाला याकडे.

त्यांचा तरी काय दोष? चौकातल्या एका बारमध्ये वेटर म्हणून हयात गेली त्यांची. आधी 'ए पोरा', मग 'अरे ए', आणि केस पिकले तसे 'मामा'. पगार घरभाड्यात आणि किराण्यात गडप व्हायचा. मुलगी शिकली ती टिपांवर. त्यामुळे टीप या विषयात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. बायकोशी भांडून आलेला जास्त देतो, मैत्रिणीला घेऊन आलेला तिला दिसेल अशी देतो, आणि ज्याची उद्याची पंचाईत असते तो तर राजासारखा देतो, हे त्यांचं पक्कं मत. दारूला मात्र स्वतः कधी शिवले नाहीत. विकणाऱ्यानं चाखायला सुरुवात केली की धंदा बुडालाच, असं म्हणायचे.

अशा माणसाला मुलीनं आणि जावयानं जहाजावर सहलीला नेलं. आणि गंमत बघा, एका खोलीतल्या सगळ्यांनी दारूचं पॅकेज घ्यायचंच असा कंपनीचा नियम. म्हणजे मामांचंसुद्धा पॅकेज! प्या हवी तेवढी, बिल येणार नाही. जावईबापूंनी पैसे वसूल करायचा विडाच उचलला होता. नाश्त्याला बिअर, जेवणाआधी वाइन, जेवणानंतर छत्री खोचलेलं निळं काहीतरी. सासऱ्याचं पॅकेज मात्र लिंबू सोड्यावर वाया चाललंय, याचा त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

"आणि बाबा," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "टिपा द्यायच्या नाहीत हं. पॅकेजमध्ये आत धरल्यात."

"आत म्हणजे कुणाच्या आत?" मामांनी विचारलं.

"कंपनीच्या."

"अस्सं. मग तिथून बाहेर कशा येतात?"

जावईबापूंनी निळ्या पेल्यात तोंड घातलं. मुलगी म्हणाली, "बाबा, दोनदा पैसे कशाला द्यायचे उगाच? उधळपट्टी नुसती." टिपांवर शिकलेली पोर ती! ते वाक्य मामांना लागलं.

वरच्या डेकवर एक छोटा बार होता. तिथला बारमन पस्तिशीचा, भरघोस मिशीचा. मामांनी त्याचं नाव मनातल्या मनात मिशीवाला ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर ठाण मांडलं. काय हात होता त्याचा! एका हातात चार पेले, नजर पाचव्या गिऱ्हाइकावर, आणि चेहऱ्यावर घाई नाही. मामांचा जीव हरखून गेला. आणि एका खुळ्या इच्छेनं त्यांना पछाडलं. या माणसानं आपल्याला ओळखावं. आपण तोंडानं सांगायचं नाही, मी वेटर होतो म्हणून. धंद्यातला माणूस धंद्यातल्याला हातावरून ओळखतो. त्यानं ओळखावं आणि म्हणावं, "काय मामा, कुठं होता कामाला?" बस्स, एवढंच हवं होतं त्यांना. समुद्र बिमुद्र गेला खड्ड्यात.

मग त्यांनी जुनी वेटरांची पद्धत वापरली. नोटेची बारीक घडी, हात मिळवायचा आणि तळव्यातून तळव्यात सरकवायची. गिऱ्हाईक अशी देत नाही, आपला माणूसच देतो. मिशीवाल्यानं ती घडी उलगडली, वरच्या कॅमेऱ्याला दिसेल अशी धरली आणि डब्यात टाकली.

"थँक यू सर. इथं सगळं डब्यात जातं. नंतर वाटून मिळतं."

"घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"आई आहे, बायको आहे, मुलगी आहे सर. आता हा करार संपतोय. पुढचा मिळाला तर मुलीचं शिक्षण होईल. अजून एक सोडा देऊ, सर?"

सर! मामांना तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारवर ही गर्दी उसळली. जोडीदार आजारी, मिशीवाला एकटा, टेबलांवर उष्ट्या पेल्यांची रास. मामांनी थोडा वेळ दम धरला, खरंच धरला. पण जित्याची खोड ती! उठले, पाच बोटांत पाच पेले अडकवले, बगलेत ट्रे, खांद्यावर फडकं, आणि बघता बघता चार टेबलं लख्ख. मोठ्या टोपीच्या एका बाईंनी हाक मारली, "अरे ए, दोन बिअर!"

"आणतो मॅडम," मामा म्हणाले. आणि आणल्याही.

पुढचा तासभर मामा जमिनीवर नव्हते. जहाज हलत होतं, पण ट्रे हलत नव्हता. टोपीवाल्या बाईंनी खूश होऊन चक्क टीप दिली, आणि मामांनी ती कॅमेऱ्याला दाखवून ऐटीत डब्यात टाकली. मिशीवाला दोनदा कळवळून म्हणाला, "सर, प्लीज बसा ना." मामांना वाटलं, भिडस्त आहे बिचारा.

तिसऱ्या दिवशी काउंटरमागे दुसराच माणूस. मिशीवाला कुठाय? खाली, पेले धुवायला. का? तर काल त्याच्या बारवर एका पाहुण्याला काम करावं लागलं, आणि ते कॅमेऱ्यात स्पष्ट दिसलं. पुढचा करार? आता कसला करार.

मामांच्या पायाखालची फळी सरकली. करायला गेलो काय आणि झालं काय! ते तडक बार मॅनेजरच्या खोलीत गेले.

"साहेब, चूक माझी आहे. त्यानं मला सांगितलं नव्हतं. मीच उठलो."

मॅनेजर गोड हसला. "पाहुण्यांची कधी चूक नसते, सर. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"अहो, मला त्रास कसला? मजा आली मला! मीही याच धंद्यातला आहे."

"हो का! छान. आमच्या बऱ्याच पाहुण्यांची स्वतःची हॉटेलं असतात."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. असे मालक त्यांनी आयुष्यभर बघितले होते. वेटरची कुणी स्तुती केली की यांच्या कानात बोळे. यांना ऐकू जाते ती फक्त तक्रार. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हेच खरं. मामांनी डोळे मिटून बारमध्ये येणाऱ्या सगळ्यांत उर्मट गिऱ्हाइकाला आठवलं, आणि टेबलावर दाणकन हात आपटला.

"ऐका! पॅकेज घेतलंय मी, फुकट नाही आलो! तो नवा माणूस काय सोडा देतो? गटाराचं पाणी बरं! मला माझा मिशीवाला पाहिजे. तोच पाहिजे, रोज पाहिजे, आणि पुढच्या वर्षी मी परत येईन तेव्हाही तोच पाहिजे. नाहीतर बघून घेईन एकेकाला!"

मॅनेजर उभाच राहिला. "होय सर. लगेच, सर. त्याचा करार आजच करतो, सर." आजवरच्या चांगुलपणानं मामांचं जेवढं काम झालं नव्हतं, तेवढं त्या एका बोंबेनं झालं.

संध्याकाळी मिशीवाला परत काउंटरमागे. मामांना वाटलं, पळत जाऊन त्याची पाठ थोपटावी. पण मॅनेजर दारात उभा. कोपऱ्यातल्या टेबलावर मामा पायावर पाय टाकून बसले आणि त्यांनी चुटकी वाजवली. चुटकी! लोकांनी ती वाजवली की ज्यांचं रक्त उसळायचं, ते मामा.

"सोडा. आणि लवकर."

"होय सर." मिशीवाल्यानं पेला ठेवला. चेहरा कोरा.

राहिलेले सगळे दिवस हेच चाललं. उठायचं नाही, पेला उचलायचा नाही, हसायचं नाही. थोडंसं वाकडं तोंड करायचं, म्हणजे मॅनेजरचा विश्वास बसतो. मुलीला सगळं ठाऊक होतं. ती आता मधूनच वडिलांच्या हातावर हात ठेवायची.

शेवटच्या दुपारी मिशीवाला आजारातून उठलेल्या जोडीदाराला टेबलं समजावत होता. हळू बोलत होता, पण वेटरचा कान तो, लांबच्या टेबलावरची कुजबुजसुद्धा टिपतो.

"त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला सांभाळ. एक नंबरचा माजोरडा. उभ्या जन्मात कुणाला पाण्याचा पेला दिला नसेल यानं, म्हणून त्या दिवशी वेटर-वेटर खेळायची हौस आली. त्याची हौस झाली, माझी नोकरी जात होती."

मुलगी ताडकन उठली. "बाबा, मी जाऊन सांगते त्याला! तुम्ही कोण आहात ते सांगते!"

"खाली बस," मामा म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे, पण आवाज साहेबाचाच होता. "मॅनेजर बघतोय."