वहिनींचं जेवण आणि क्लबचा काटा

शिडाच्या बोटींची ती आंतरराष्ट्रीय शर्यत दर दोन वर्षांनी आमच्या बंदरात होते, ही गोष्ट आम्ही फारशी मनावर घेतलेली नव्हती. ती दुसरीकडे न्यायला माणसं निघाली, तेव्हा ती आमच्या किती जिव्हाळ्याची आहे याचा साक्षात्कार आम्हाला झाला. नगराध्यक्षांनी तर त्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा होडीत पाय ठेवला, आणि लगेच परत काढून घेतला.

या सगळ्या भानगडीच्या मुळाशी आपण आहोत, असं वहिनींचं ठाम मत होतं.

वहिनी म्हणजे धक्क्यावरच्या क्रेनवाल्याची बायको. क्रेनवाला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा धाकटा भाऊ भर धक्क्यावर ‘वहिनी’ अशी हाक मारायचा. ती हाक आधी हमालांनी उचलली, मग टपालवाल्याने, मग त्यांच्याहून वयाने चांगल्या थोरल्या असलेल्या डॉक्टरांनी. पुढेपुढे परदेशी खलाशीही त्यांना वहिनीच म्हणू लागले. अर्धं जग आपला दीर झालंय, याचं वहिनींना कधी ओझं वाटलं नाही. उलट, एवढ्या दिरांना जेवायला कधी बोलवायचं, ही त्यांची खरी चिंता असे.

बोटींची आच्छादनं आणि शिडांच्या पिशव्या शिवणं हा त्यांचा धंदा. खालच्या खोलीत खिडकीशी जाड कापडाचं दणकट मशीन, शेजारी मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, आणि जमिनीवर निळ्या ताडपत्रीचा एवढा पसारा, की घरात येणारा माणूस आधी चुकून समुद्रात शिरल्यासारखा दचके. तोंडात टाचण्या धरून त्या काम करत. टाचण्यांमुळे त्यांच्या बोलण्याचा वेग मात्र जराही कमी होत नसे.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या. त्या मुलांसाठी बांधल्या होत्या. मुलं मोठी झाली, शिकली आणि मुलांनी करायचं असतं तेच केलं, म्हणजे लांब निघून गेली. घरात वहिनी उरल्या आणि मागच्या खोलीत त्यांचे सख्खे, एकमेव अधिकृत दीर. त्यांना वहिनी भाऊजी म्हणत. भाऊजींनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं की ते म्हणत, “वहिनींनी एवढं वाढून ठेवल्यावर उठून जायला झालंच नाही.”

आता त्या खोल्यांचं आणि शर्यतीचं नातं सांगायला हवं. शर्यत आमच्याकडे पहिल्यांदा आली, तेव्हा गावातल्या एकुलत्या एका हॉटेलाला गिलावा व्हायचा होता. म्हणून खलाशी घराघरांत वाटून दिले. पुढे हॉटेलाच्या खालच्या मजल्याला गिलावा झाला, पण खलाशांनी तो पाहिला आणि ते म्हणाले, आम्ही घरांतच बरे. मग ती शर्यतीची अटच होऊन बसली: यजमान गावाने खलाशांना आपल्या घरांत ठेवून घ्यायचं. वहिनींच्या वाट्याला एका लांबच्या थंड देशाची तुकडी आली आणि पुढे तीच दर खेपेला येत गेली. त्यांचा कप्तान इतका उंच, की वरच्या खोलीच्या चौकटीवर रोज डोकं आपटायचा. तिसऱ्या दिवशी वहिनींनी चौकटीला कापसाची गादी शिवून लावली आणि त्याचं नाव ‘लांब्या’ ठेवलं. लांब्याला दोन्ही गोष्टी आवडल्या.

आणि मग मागच्या शर्यतीत ते घडलं.

या शर्यतीत बोटीवरच्या सगळ्या माणसांचं मिळून वजन ठरलेल्या मर्यादेत असावं लागतं. जोराच्या वाऱ्यात खलाशी बोटीच्या वरच्या कडेवर जाऊन बसतात आणि आपल्या भाराने तिला कलंडू देत नाहीत. तेव्हा जड माणसं म्हणजे फुकटचा फायदा. म्हणून सुरुवातीला एकदा आणि शेवटच्या दिवशी सकाळी एकदा, अशी सगळ्यांना बंदरावरच्या बोट क्लबच्या वजनकाट्यावर उभं करायची पद्धत. आमच्या क्लबची आणखी एक पद्धत अशी, की काटेवाल्याने आकडा सर्वांदेखत मोठ्याने पुकारायचा. आणि काटेवाले होते भाऊजी.

पाहुण्याचं पहिलं ‘नको’ वहिनी तोंडदेखलं समजतात, दुसरं संकोच समजतात आणि तिसरं त्यांना ऐकूच येत नाही. थंड देशातली ती सभ्य पोरं. वाढलेलं टाकायचं नाही, एवढं त्यांना घरून शिकवलेलं. लोण्यात परतलेले बटाटे, तळलेले मासे, अंडी, वर साय घातलेलं दूध. शर्यतीचे दहा दिवस ती खात राहिली आणि वहिनी “काय हे, उडून जाल वाऱ्याने,” असं म्हणत राहिल्या. ती उडून जाणार नाहीत याची व्यवस्था त्या स्वतःच करत आहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्या यायला हवं होतं, ते भाऊजी त्याच पंगतीला बसून दुसऱ्यांदा बटाटे घेत होते.

शेवटच्या दिवशी सकाळी लांब्याची तुकडी सगळ्यांच्या पुढे होती. भाऊजींनी तिला काट्यावर घेतलं, आकडा पाहिला आणि चष्मा पुसला. मग बूट काढायला लावले. मग पट्टे. एकाने स्वतःहून घड्याळ काढलं, दुसऱ्याने दाढी करायची तयारी दाखवली. काटा काही हलेना. एका बऱ्यापैकी कोंबडीएवढा फरक राहिला. भाऊजींनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं आणि आकडा पुकारला, नेहमीइतक्याच मोठ्या आवाजात.

नियमाप्रमाणे लांब्याला एक माणूस किनाऱ्यावर ठेवावा लागला. एका माणसाची कमतरता त्या दिवशीच्या वाऱ्यात चांगलीच जाणवली आणि बोट चौथी आली. मागे राहिलेला खलाशी दिवसभर वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून होता. दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे तो जेवला.

त्या संध्याकाळपासून वहिनींनी भाऊजींशी बोलणं टाकलं. वाढणं टाकलं नाही. त्या त्यातल्या नव्हेत. पण घरात दोनच माणसं, निरोप पोचवायला तिसरं कोणी नाही, तेव्हा त्या भिंतीकडे बघून म्हणत, “ताट वाढलंय. ज्यांना घरच्या माणसांपेक्षा काटा जवळचा आहे, त्यांनी येऊन बसावं.” भाऊजी येऊन बसत. मी एकदा मध्यस्थी करायला गेलो, तर भाऊजी म्हणाले, “राहू दे हो. रागावल्या की मीठ अगदी बेताचं पडतं त्यांच्या हातून.” पण तसं म्हणताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं.

वर्षभराने शर्यतीच्या महासंघाची सभा आमच्याच क्लबात भरली. प्रश्न दोन होते. पुढची शर्यत आमच्याकडे ठेवायची, की काचेच्या इमारतींच्या त्या मोठ्या शहराला द्यायची? आणि खलाशांनी घरांत राहावं, की एका अधिकृत निवासात, मोजूनमापून दिलेल्या आहारावर? खरं तर प्रश्न एकच होता. अधिकृत निवास म्हणण्यासारखं आमच्याकडे फक्त ते हॉटेल, आणि त्याच्या वरच्या मजल्याला अजूनही गिलावा व्हायचाय. घरं गेली की शर्यत गेली, आणि वहिनींच्या वरच्या खोल्यांना कायमचं कुलूप लागलं.

नगराध्यक्ष आदल्या दिवशी वहिनींकडे येऊन गेले. “तुम्ही या, पण मागे बसा. आणि काहीही झालं तरी बोलू नका.”

“मी कशाला बोलतेय? माझ्या तोंडात टाचण्या असतात,” वहिनी म्हणाल्या.

सभेत पाहुणे कानाला यंत्र लावून भाषांतर ऐकत होते. मोठ्या शहराच्या प्रतिनिधीने पडद्यावर आपल्या निवासाची चित्रं दाखवली. सगळ्या खोल्या सारख्या, सगळ्या पलंगांवर सारखी चादर, आणि जेवणाच्या ताटात तीन पानं आणि एक पांढरा तुकडा. तो मासा होता असं नंतर कळलं. मग नियम समितीचे प्रमुख उठले. हडकुळे, शांत गृहस्थ. आवाज असा, की चांगली बातमीसुद्धा दुखवट्याची वाटावी. मागच्या शर्यतीत ‘घरगुती वातावरणातील अनियंत्रित आहारामुळे’ निकाल बदलला, असं ते म्हणाले. शिवाय घरात राहिलं की माया जडते. आज यजमान जास्त वाढतो. उद्या तो आपल्या पाहुण्यासाठी डोळेझाकही करेल. मग शर्यतीवर विश्वास कोण ठेवणार?

आमच्या बाजूने नगराध्यक्ष उभे राहिले. त्यांनी घाम पुसला आणि बचावासाठी सुचलेला एकमेव मुद्दा मांडला. “साहेब, हे जरा वाढवून सांगितलं जातंय. आमच्या घरांतलं जेवण इतकं काही चांगलं नसतं.”

“कोण म्हणतं?” मागून आवाज आला.

वहिनी उभ्या होत्या. मांडीवरची अर्धी शिवलेली पिशवी खाली पडली होती.

“त्यांच्या घरचं नसेल. वाढलं ते मी. पोरं नको नको म्हणत होती, मीच वाढत होते. बोट हरली ती माझ्यामुळे. काय शिक्षा करायची ती मला करा, माझ्याकडे पुन्हा कोणाला पाठवू नका. पण बाकीच्या घरांनी काय केलंय? त्यांची दारं का बंद करता?”

आणि त्या खाली बसल्या. नगराध्यक्षांनी डोळे मिटून घेतले.

नियमवाल्या साहेबांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग त्यांनी विचारलं, “वजन जास्त आहे हे उघडकीला कोणी आणलं?”

“आमच्या काटेवाल्यांनी,” नगराध्यक्ष म्हणाले.

“ते कुठे राहतात?”

नगराध्यक्षांनी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. उत्तर भाऊजींनीच दिलं, भिंतीशी उभं राहून, आकडा पुकारायच्या आवाजात. “यांच्याच घरी. मी यांचा दीर.”

“म्हणजे ते खलाशी तुमच्याच घरचे पाहुणे होते?”

“हो. एकाच पंगतीला जेवत होतो.”

“मग आकडा दाबून टाकावासा नाही वाटला?”

“वाटला की,” भाऊजी म्हणाले. “म्हणून तर चष्मा पुसला. पण बाकीच्या बोटींची पोरंही कोणाच्या ना कोणाच्या घरची पाहुणी होती.”

सभागृहात कोणीतरी खोकलं. मग लांब्या उठला. खलाशांचा प्रतिनिधी म्हणून तो आला होता. इतक्या खेपा वहिनींकडे राहून त्याला आमची भाषा मोडकीतोडकी येते, आणि तो यंत्राच्या भरवशावर न राहता तीच बोलला.

“मी त्या दिवशी फार चिडलो. काटेवाल्यांवर चिडलो, बटाट्यांवर चिडलो. मग बोटीवर विचार केला. साहेब म्हणतात, घरात माया होते, माया झाली की खोटं होतं. मी या घरात दोन्ही बघितलं. एक माणूस मला जास्त वाढतो. दुसरा माणूस मला खरं सांगतो. एकाच घरात. मला दुसरीकडे का पाठवता?”

“आमचा काटा पूर्णपणे स्वयंचलित आहे,” मोठ्या शहराचा प्रतिनिधी म्हणाला.

“असेल,” लांब्या म्हणाला. “पण तो माझ्याबरोबर जेवला नाही.”

मतदान झालं. आम्ही जिंकलो, दणदणीत नव्हे, कसेबसे, पण जिंकलो. पुढची शर्यत इथेच, खलाशी घरांतच. नियमवाल्या साहेबांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली: वजन यापुढे शर्यतीआधी एकदाच करायचं, त्यानंतर ज्याचं पोट त्याच्याकडे. ही दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. ती मांडताना साहेबांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण सभा संपल्यावर ते वहिनींपाशी गेले आणि त्या पिशव्या कशा शिवता असं बराच वेळ विचारत राहिले. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं, असं मला वाटतं. वहिनींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी साहेबांना दुपारी जेवायला बोलावलं. साहेब नको म्हणाले. एकदाच म्हणाले.

गर्दी पांगली. नगराध्यक्ष पायरीवर उभे राहून आपण ही लढाई कशी जिंकली ते सांगत होते. भाऊजी भिंतीशीच होते, कोणी अभिनंदन केलं तर मान हलवत होते. वहिनींनी पडलेली पिशवी उचलली, झटकली, घडी घातली, पुन्हा मोडून नव्याने घातली. माफी मागायची त्यांना सवय नाही. तशी वेळ त्यांच्यावर फारशी कधी आलेलीच नाही. मग त्या तडक भाऊजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “शर्टाचं बटण तुटलंय. एवढ्या लोकांसमोर असेच उभे होतात?”

भाऊजींनी खाली पाहिलं. “महिना झाला तुटून.”

“मग सांगायचं नाही?”

“कोणाला?”

वहिनींनी पदराने डोळ्याचा कोपरा टिपला आणि म्हणाल्या, “बरं झालं हो तुम्ही खरं सांगितलंत. आजही, आणि तेव्हाही. मला कळायला वर्ष लागलं.”

“मलाही त्या दिवशी सांगताना लागलाच की थोडा वेळ,” भाऊजी म्हणाले.

दोघं धक्क्याच्या कडेकडेने घरी निघाले. मी मागून चाललो होतो, म्हणून ऐकू आलं. वहिनींनी वर्षभराच्या तुंबलेल्या बातम्या काढल्या होत्या: डॉक्टरांच्या नातीचं ठरलं, मागच्या कौलातून पाणी येतंय, धाकट्या मुलाचा फोन आला होता, तो येतो म्हणतोय पण काही खरं नाही. यातलं जवळजवळ सगळं भाऊजींना ठाऊक होतं. ते त्याच घरात तर राहत होते. पण प्रत्येक बातमीला ते थांबत होते, मान वळवून वहिनींकडे पाहत होते आणि म्हणत होते, “हो का? कधी?”