माने सरांचे पेढे

माने सरांना आम्ही जाऊ दिलं नव्हतं.

आज पहाटे ते गेले. झोपेतच, कुणाला काही कळायच्या आत.

आमच्या जॉन्सनव्हिल उपनगराबाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते. माने सर म्हणजे आमच्या मुलींच्या कॉलेजचे फुटबॉल कोच. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. सर मूळचे कोल्हापूरचे. दिवसभर वेलिंग्टनच्या ऑफिसात इंजिनिअर, आणि मंगळवार-गुरुवार चारच्या ठोक्याला ग्राउंडवर गळ्यात शिट्टी. सगळं हौसेने, बिनपगारी.

लहानपणी त्यांना फक्त फुटबॉलच खेळायचा होता. वडील म्हणाले, खेळून पोट भरत नाही. मग इंजिनिअर झाले.

माझी इशा पुण्याहून इथे आली तेव्हा वर्षभर वर्गात कुणाशी धड बोलली नाही. सरांनी तिला गोलमध्ये उभं केलं.

"बॉलला काय घाबरतीस? चावतोय व्हय त्यो?"

तिला निम्मं कळलं नसेल, पण ती हसली. त्या सीझनच्या शेवटी माझी मुकी पोर गोलमधून अख्ख्या टीमवर ओरडत होती.

म्हणून 2017 मध्ये ती बातमी आली तेव्हा मला आधी इशा आठवली.

ऑकलंडच्या एका मोठ्या कॉलेजने सरांना बोलावलं होतं. फुलटाइम कोच. फुटबॉलचा पगार, आयुष्यात पहिल्यांदा.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नाही. जाणार की राहणार? माने वहिनी इथल्या हॉस्पिटलात नर्स, त्या नोकरी सोडतील का? सर गेले तर पुढच्या वर्षी टीमचं काय?

सर काय म्हणतात, हे कुणी विचारत नव्हतं.

घरी इशा जेवेना. "आई, इज कोच लीव्हिंग?"

शेवटी मीच ग्राउंडवर त्यांना गाठलं.

"अजून ठरलं न्हाई, ताई. ठरलं की आधी तुमास्नीच सांगतो."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मी कसली थांबते!

गणपती तोंडावर आले होते. मी ग्रुपवर टाकलं, आपल्या मंडळाच्या गणपतीत सरांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं. पुढे स्मायली टाकून लिहिलं, "एकदा अंगावर शाल पडली की कुठे जातायत!"

धडाधड अंगठे आले. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सत्काराला आपला माणूस नाही म्हणू शकत नाही, हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी सर हॉलवर आले ते पेढ्यांचा डबा घेऊन. गणपतीपुढे ठेवला, नमस्कार केला आणि माझ्याकडे आले.

"ताई, मला दोन मिनटं बोलायचं हुतं."

"बोला की! आधी सत्कार होऊ दे."

आणि मी माईक हातात घेतला. नेहमीप्रमाणे अंगात आलं माझ्या.

"ऑकलंडवाल्यांनी कितीही बोलावू दे, माने सर आपले आहेत. ते कुठेही जाणार नाहीत! आणि बघा, त्या आनंदात पेढेसुद्धा आणलेत!"

हॉल दणाणला. पुढच्या रांगेत मुली टीमची जर्सी घालून बसल्या होत्या. किंचाळल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. इशा तर ढसाढसा रडत होती.

सरांच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ. मी त्यांच्यापुढे माईक धरला. ते बराच वेळ मुलींकडे बघत राहिले.

"मंगळवारी चार वाजता," ते म्हणाले. "वारा असला तरी."

पुन्हा टाळ्या.

गाडीत मी नवऱ्याला म्हणाले, "जमवलं की नाही?"

सर राहिले. पुढच्या वर्षी टीम सेमीफायनलला हरली. इशा युनिव्हर्सिटीला ड्युनेडिनला गेली आणि पहिल्याच सेमिस्टरला फुटबॉल सोडला. "आय हॅव हीप्स ऑन, आई." वेळच नाही म्हणे. बस्स, संपलं.

सर मात्र त्याच ग्राउंडवर, नव्या मुलींना तेच ओरडत. ऑकलंडचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. मीही नाही.

आज दुपारी त्यांच्या घरी गेले. वहिनी शांत होत्या. काही बोलायचं म्हणून मी म्हणाले, "सर आपल्याला सोडून गेले नाहीत तेव्हा, केवढा आधार होता मुलींना."

वहिनी जराही चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी दुपारीच त्यांनी ऑकलंडला हो कळवलं होतं. सगळ्यांचं तोंड गोड करून सांगू म्हणाले, म्हणून मी मिल्क पावडरचे पेढे वळले. रात्री आले आणि शाल काढून ठेवत म्हणाले, 'पोरी रडाय लागल्या गं.' सोमवारी फोन करून नाही म्हणून सांगितलं."

मी त्यातले पेढे खाल्ले होते. वर "वहिनींच्या हाताला चव आहे" असंही म्हणाले होते.

सकाळपासून सगळे लिहितायत, सरांनी टीमसाठी केवढा त्याग केला. कृपा करून असं लिहू नका. त्याग माणूस आपण होऊन करतो. आपण त्यांना स्टेजवर उभं करून, टाळ्या वाजवून त्यांचं ऑकलंड काढून घेतलं. आणि माईक माझ्या हातात होता.

इशाला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डिड यू इव्हन आस्क हिम, आई?"

विचारलं होतं गं. ठरलं की सांगतो म्हणाले होते. सांगायलाच आले होते.

शोकसभेचं सूत्रसंचालन मी करावं, असं ग्रुपवर आलंय. मी करणार नाही. मागे कुठेतरी बसेन. शाल कुणीही आणू नका.

सर, तुमची ती दोन मिनिटं माझ्याकडे राहिली. ती आता परत देता येत नाहीत.

निघा तुम्ही. आज कुणी अडवत नाही.

तुमच्या पाया पडते, सर.