हसणाऱ्या तव्याचा फोटो

चुलीवरून तवा उतरवून पालथा ठेवला की बुडाच्या काजळीत ठिणग्या लुकलुकत पळतात. आमच्याकडे म्हणतात, तवा हसला, आता पाहुणे येणार.

लग्न होऊन सेलूजवळच्या या घरात आले तेव्हापासून मी मोबाइलवर काहीबाही टिपायची. टाकीवर वाळलेले खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ, जिनिंगवरून आलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याला चिकटलेला कापूस. नवरा म्हणायचा, "येडी हायस का? माणसाचे फोटो काढ की." पण एकदा तवा हसताना काढलेला फोटो असा काही उतरला की तवा ओळखूच येईना. काळ्याभोर अंधारात केशरी ठिपक्यांची वाकडी रांग, बस्स. या घरात पहिल्यांदा मला वाटलं, हे माझं आहे.

सेलूहून तो मोठा करून आणला, चांगली सागवानी चौकट केली आणि समोरच्या खोलीत टांगला. मग काम नसतानाही मी त्या खोलीत घुटमळायची.

पुढं नणंदेला बघायला पाहुणे यायचं ठरलं. सासूबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "ते काढ गं आधी. पाहुण्यांनी इचारलं तर काय सांगू, तवा हाय? म्हणतील, ह्या घरात भांडे बी घासत न्हाईत."

"तवा हाय म्हणून सांगूच नका ना. कुणाला कळायलंय?"

"अन् शुभ कामात समोर काळं कशाला?"

नवऱ्यानं मान वर न करता निकाल दिला, "काढ की. पाहुणे गेल्यावर लाव परत."

काढला. पाहुण्यांनी मी केलेला मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, पोरगी पसंत केली, लग्नही पार पडलं. फोटोचं विचारलं की एकच उत्तर, "लावू की, घाई काय हाय?"

दिवाळसणाला जावई यायचे होते. सकाळी समोरच्या खोलीत गेले तर भिंतीवर माझी चौकट! क्षणभर जीव सुपाएवढा झाला. जवळ गेले तर आत लग्नातला फोटो. सासू-सासरे, नवरा, नणंद, जावई, सगळं घर. मी तेवढी नव्हते. फोटोग्राफर जेवायला बसला होता, म्हणून तो फोटो मीच काढला होता.

"माझा कुठाय?"

"फेकला न्हाई बाई," नवरा हसत म्हणाला. "मागंच हाय. पाठीला पुठ्ठा पाहिजे होता, तोच घातला. पुढचा बी तुझा, मागचा बी तुझाच. अजून काय पाहिजे?"

त्याला खरंच वाटत होतं की आपण बायकोचा मान ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात जावई आले, वर बघून म्हणाले, "चौकट लय भारी हाय." मी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि आत गेले.

तवा घेतला आणि राख-विटकरीनं बूड खरवडून लख्ख केलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अस्सं! आता कसं बाईचं घर दिसायलंय."

आता रोज घासते. तवा हसत नाही. पाहुणे मात्र येतच असतात.