जेद्दाहच्या गल्लीतल्या सिस्टर

आमच्या सिस्टर काहीही मोजायच्या. डब्यातल्या पोळ्या, जिन्याच्या पायऱ्या, सहलीला आलेली माणसं. मूळच्या मिरजेच्या, आणि इथे सौदीतल्या सरकारी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली होती. पेशंटचं पोट शिवण्याआधी एकीने गॉज आणि चिमटे मोजायचे आणि दुसरीने स्वतः बघून ‘बरोबर’ म्हणायचं, हा तिथला नियम. मोठा सर्जन सुई धरून ताटकळला तरी सिस्टरना घाई नाही. “एकटीचे डोळे दमतात गं,” म्हणायच्या. आम्ही रास तनुराच्या बायका त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो. मी तर फारच छान करायचे.

ईदच्या सुट्टीत आम्ही अकरा जण दोन गाड्यांतून तांबड्या समुद्राकडे निघालो. उमलुजला पाणी इतकं नितळ, की माझे सासरे पाय सोडून बसले ते उठेचनात. बाबा साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आलेले, मधुमेहाचे जुने पेशंट. त्यांचं इन्सुलिन सिस्टरनी आल्या दिवसापासून आपल्याकडे घेतलं होतं. ताट समोर आल्याशिवाय त्या सुई टोचायच्या नाहीत. बाबाही त्यांचं मुकाट ऐकायचे. आमचं कुणाचं ऐकत नसत.

तिथून जेद्दाहला आलो. जुन्या शहरात जेवायला बसलो, ताट आलं, सिस्टरनी सुई दिली आणि बाबांनी दोन घास खाऊन भात सारला. गाडीत बसल्यावर केळी देते, असं सिस्टर म्हणाल्या. मग दहा मिनिटं म्हणून त्या लाकडी सज्ज्यांच्या घरांचे फोटो काढायला गेलो, त्याचा पाऊण तास झाला. निघताना मागून हॉर्न वाजत होते, पोलीस हात करत होता. मी नुकतीच दुसऱ्या गाडीत पिशवी ठेवून आले होते. सिस्टरनी आमच्या गाडीतले मोजले आणि मला विचारलं, “तिकडे पाच? बाबा धरून?”

मी मोबाइलवर फोटो चाळत होते. “बरोबर,” म्हणाले. मी पाहिलंच नव्हतं.

समुद्रावर पोचलो तेव्हा सिस्टर केळी घेऊन दुसऱ्या गाडीकडे गेल्या आणि केळी तशीच घेऊन परत आल्या. त्या गाडीतल्यांना वाटत होतं, बाबा मुलाबरोबर आहेत. बाबांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये, पासपोर्ट माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या बॅगेत. अंगात इन्सुलिन, पोटात दोन घास, डोक्यावर दुपारचं ऊन. सिस्टरनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. सुहास एरवी आवाज चढवत नाही, पण तेव्हा सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडला, “जगाची माणसं मोजता ना? माझा बाप तेवढा मोजायचा राहिला?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

“चुकलं माझं,” सिस्टर म्हणाल्या. “गाडी वळवा.”

त्यांचं अरबी सगळं वॉर्डातलं. कुठे दुखतं, ताप कधीपासून आहे, शौचाला झाली का, एवढंच. त्याच भांडवलावर त्या दुकानादुकानांत शिरल्या. म्हातारा माणूस, पांढरी टोपी, सुक्कर, सुक्कर. मधुमेहाला अरबीत तेच म्हणतात, आणि ते ऐकून माणसं गल्ल्यावरून उठून बाहेर यायची. एकाने पोरं पिटाळली, एकाने फोन केला. मी त्यांच्या मागे धावत होते. त्या वळून एवढंच म्हणायच्या, “डावीकडची गल्ली तू बघ. हाक मारत जा, तुझा आवाज त्यांना ओळखीचा आहे.” मी ‘बाबा, बाबा’ ओरडत डावीकडे सुटले.

बाबा एका अत्तरवाल्याच्या ओट्यावर सापडले. घामाने भिजलेले, साखर उतरून हात थरथरणारे. दुकानदार बिचारा काकुळतीला येऊन गोड चहाचा पेला पुढे करत होता आणि बाबा मान हलवत होते, “शुगर, नो शुगर.” आयुष्यभर पथ्य पाळलेला माणूस तो! सिस्टरनी पेला त्यांच्या ओठाला लावला. “बाबा, आज मी सांगते म्हणून प्यायचा.” ते प्यायले. हळूहळू नजर स्थिर झाली, तसे मला म्हणाले, “तू कशाला रडतेस?”

सुहासने सिस्टरचे आभार मानले, पण कोरडेपणाने. पुढे आमच्या मंडळींत तो किस्सा ‘सिस्टरनी बाबा हरवले तेव्हा’ असाच सुरू व्हायचा. त्या ऐकून गप्प बसत. मीही बसे. असं दोन वर्षं चाललं. मला लाज वाटायची आणि तरी मी गप्प राहायचे, हे खरं आहे.

त्या कायमच्या मिरजेला निघाल्या तेव्हा दम्माम विमानतळावर मी त्यांचा हात धरला आणि सगळं ओकून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“मला ठाऊक नाही होय ते?” त्या म्हणाल्या. “पण तेव्हा बोलले असते, तर तुझे हातपाय गळाले असते. मला शोधायला माणूस हवं होतं.”

“आणि नंतर?” मी विचारलं.

“नंतरचं तू सांगशील असं वाटलं होतं,” त्या म्हणाल्या आणि ट्रॉली ढकलत आत गेल्या.

सुहासला मी अजून सांगितलेलं नाही. तो आता बाहेरच्या खोलीत बाबांशी फोनवर बोलतो आहे. त्याचा फोन झाला की हे कागद त्याच्या हातात देणार आहे.